मधमाशीचे पंख हवेकडून उचल कशी घेतात?



डाळिंबाचा बहार धरला, कलिंगडाचे वेल फुलले किंवा बियाण्याच्या कांद्याला गोंडे आले म्हणजे आपल्याला मधमाशीची आठवण होते. एरवी ती बांधावरच्या बाभळीत आहे की नाही हे कोणी पाहत नाही. आता तर पुष्कळ गावांत मेलिफेरा माश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. पेटी केवढ्याला पडली, पीक किती वाढले, याचा हिशेब घरोघर होतो. पण ही माशी मुळात उडते कशी, हा प्रश्न मला शेतकरी मेळाव्यात मोठ्या माणसाने क्वचितच विचारला. विचारतात ती पोरे. प्रश्न पोरांचा असला तरी उत्तर मोठ्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून आज तेवढाच विषय घेतला आहे.

मेलिफेरा जातीची कामकरी माशी वजनाला जवळपास शंभर मिलिग्रॅम भरते. म्हणजे दहा माश्या तराजूत घातल्या तर एक ग्रॅम. ती फुलांवरून परतते तेव्हा तिच्या पोटात तीस-चाळीस मिलिग्रॅम रस असतो आणि मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या असतात. आपल्याला चाळीस किलोचे पोते पाठीवर घेऊन दीड-दोन किलोमीटर चालायचे म्हटले तर काय होईल ते सांगायला नको. माशी ते ओझे घेऊन उडते, तेही दिवसातून अनेकदा. आणि पंख पाहावेत तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे.

घार आणि माशी

आधी घारीकडे पाहा. दुपारच्या उन्हात घार पंख पसरून तासभर गिरक्या घेते, पंख हलवीतसुद्धा नाही. तिचे पंख किंचित तिरके असतात. हवा त्यांच्यावरून वाहते आणि खाली वळते. पंख हवेला खाली लोटतो, म्हणून हवा पंखाला वर लोटते. आषाढातल्या वाऱ्यात छत्री जरा कलती धरली की हात वर ओढला जातो, तेच हे. विमानाचा पंखही असाच काम करतो. वारा एकसारखा, पंख एकसारखा, म्हणून मिळणारी उचलही एकसारखी.

‘उचल’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींना तो चांगला ठाऊक आहे. हवेची उचलही मुकादमाच्या उचलीसारखीच असते, मागितली की सगळी एकदम हातात पडत नाही. १९२५ साली हर्बर्ट वाग्नर नावाच्या शास्त्रज्ञाने हे गणिताने दाखवून दिले. थांबलेला पंख एकदम चालू केला तर पहिल्या क्षणी त्याला पुढे मिळायच्या उचलीपैकी निम्मीच मिळते. बाकीची तो पुढे जाईल तशी हळूहळू मिळते. पंखाची जेवढी रुंदी, तिच्या सहा-सातपट अंतर कापल्यावर कुठे रुपयातले साडेचौदा आणे पदरात पडतात.

असे का, ते घरी बघता येईल. परातीत पाणी घ्या, ते निवळू द्या आणि वर चिमूटभर हळद भुरभुरा. मग पत्र्याची एखादी पट्टी उभी बुडवून थोडी तिरकी धरा आणि एकदम पुढे ओढा. पट्टी जिथून निघाली तिथे पाण्यात एक भोवरा मागे राहिलेला दिसेल. हवेतही पंख निघताना असाच भोवरा मागे सुटतो. तो जवळ असेपर्यंत पंखाच्या कामात खोडा घालतो. पंख दूर गेला की त्याचा त्रास संपतो. एवढे कळण्यासाठी परात पुरते. पोरांना करून दाखवा, फक्त नंतर परात त्यांनाच घासायला लावा.

आता मधमाशीचा हिशेब मांडू. तिचा पंख घारीसारखा स्थिर नाही. तो सेकंदाला सुमारे २३० वेळा पुढे-मागे होतो. प्रत्येक फेरीत तो स्वतःच्या रुंदीच्या तीन-चार पटच सरकतो, की लगेच थांबून उलटा फिरतो. म्हणजे पूर्ण उचल हाती येण्याआधीच मुक्काम उठला! विमानाचे गणित तिला लावले तर ती जमिनीवरच राहायला हवी.

फ्रान्समध्ये आंत्वान मान्यां या प्राणिशास्त्रज्ञाने १९३४ साली कीटकांच्या उड्डाणावर पुस्तक लिहिले, त्यात त्याने हेच नोंदवले. साँत-लाग्यू नावाच्या गणितज्ञ सहकाऱ्याच्या मदतीने त्याने हिशेब केला, तेव्हा कीटकाचे उडणे अशक्य ठरत होते. पुढे या गोष्टीला पाय फुटले. ‘शास्त्राप्रमाणे माशी उडूच शकत नाही, पण तिला शास्त्र माहीत नाही म्हणून ती उडते,’ असे भाषणातून सांगायची पद्धत पडली. टाळ्या मिळतात, पण मला ते पटत नाही. माशी कोणताही नियम मोडत नाही. मान्यांने लावलेला हिशेब स्थिर पंखाचा होता आणि माशीचा पंख स्थिर नसतो, एवढीच त्यातली गोम आहे. बैलगाडीचे भाडे आगगाडीला लावले तर मेळ बसणार कसा?

पंखावर बसलेला भोवरा

हा मेळ बसायला पुढे साठ वर्षे लागली. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे चार्ल्स एलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा पतंग निवडला. आपल्याकडे तिन्हीसांजेला फुलांसमोर हवेत उभा राहून लांब सोंडेने रस पिणारा पतंग असतो ना, त्याच्याच कुळातला. त्याच्या पंखांची दहापट मोठी यांत्रिक प्रतिकृती करून त्यांनी तिच्यावर धूर सोडला. १९९६ साली हे काम प्रसिद्ध झाले. धुराने सगळे उघडे केले. पंखाच्या पुढच्या कडेला, वरच्या बाजूने, हवेचा एक आडवा भोवरा गुंडाळलेला होता, पोळीच्या गुंडाळीसारखा, आणि तो पंखावरच बसून होता.

भोवऱ्याच्या पोटात हवेचा दाब कमी असतो. वावटळीत पाचोळा आत ओढला जातो तो त्यामुळेच. हा भोवरा पंखाच्या पाठीवर बसला की पंखाला वरून ओढ मिळते. कमी पडणारी उचल इथून येत होती.

विमानाच्या पंखावर असा भोवरा होऊ शकत नाही का? होतो, पण टिकत नाही. विमानाचा पंख सुमारे पंधरा अंशांपेक्षा जास्त तिरका झाला की वरची हवा पंखाला सोडून देते, उचल एकदम गळते आणि विमान खाली येऊ लागते. वैमानिक याला फार भितात. कीटक मात्र आपला पंख तीस-चाळीस अंश तिरका करून खुशाल हाणतो. एक तर भोवरा निसटण्याआधीच त्याची फेरी संपते. दुसरे म्हणजे पंख खांद्याच्या बिजागरीवर फिरत असल्यामुळे भोवरा कडेला धरून राहतो. फेरी संपली की पंख उलटतो आणि परतीच्या वाटेवर नवा भोवरा धरतो.

पंख कसा उलटतो ते समजायला गवंड्याची थापी आठवा. गिलावा घोटताना थापी जाताना एका अंगाला कलते, येताना दुसऱ्या अंगाला कलते, आणि दोन्ही वेळा काम करते. एक हात कामाचा, एक रिकामा, असे नाही. माशीचा पंखही जाताना आणि येताना दोन्ही वेळा हवेला खाली दाबतो. फरक इतकाच की माशी पंख असा पालटते की त्याची जाड कडच दर वेळी पुढे राहते.

पुढची पायरी अमेरिकेत झाली. १९९९ साली मायकेल डिकिन्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी चिलटाएवढ्या फळमाशीच्या पंखाची वीतभर मोठी नक्कल केली आणि ती तेलाच्या टाकीत बुडवून सावकाश हलवली. तेल कशासाठी? कारण इवल्या पंखाला हवा जेवढी दाट वाटते, तेवढा दाटपणा मोठ्या पंखाला तेलात मिळतो. या तेलात पंखावरचा जोर मोजता आला. त्यातून दोन गोष्टी अधिक कळल्या. पंख उलटताना जी गिरकी घेतो, तिच्यातूनही उचल मिळते. आणि मागच्या फेरीत स्वतःच ढवळलेल्या हवेत पंख परत शिरतो, तेव्हा त्या हवेचा धक्काही त्याच्या उपयोगी पडतो. स्वतःच पेरलेली वावटळ परत येताना कापून घ्यायची, असा हा प्रकार आहे. मला स्वतःला यातली ही गोष्ट सगळ्यांत आवडते.

मधमाशीची पाळी २००५ मध्ये आली. तिचे पंख इतर कीटकांच्या मानाने फार आखूड झोका घेतात, जेमतेम काटकोनाएवढा. म्हणून तिच्या फेऱ्या भराभर होतात आणि उलटण्याच्या क्षणांतून मिळणाऱ्या उचलीवर तिची भिस्त जास्त असते. शास्त्रज्ञांनी तिला मुद्दाम विरळ केलेल्या हवेत उडवून पाहिले. तेव्हा तिने सेकंदाच्या फेऱ्या जवळपास तेवढ्याच ठेवल्या आणि झोका मात्र लांबवला. झोका नेहमी आखूड असल्यामुळे ओझ्याच्या वेळी लांबवायला तिच्याजवळ जागा शिल्लक असते. चांगला बैल सपाट रस्त्यावर सगळी ताकद लावत नाही, चढासाठी राखून ठेवतो, तसे.

डासाचे मात्र वेगळेच आहे. तो सेकंदाला पाचशे ते आठशे वेळा पंख मारतो, आणि झोका चाळीस अंशांच्या आसपासच. त्याला पुढच्या कडेचा भोवरा पुरेसा मिळत नाही, म्हणून तो पंखाच्या मागच्या कडेलाही भोवरा धरतो. हे २०१७ साली समजले. कानाशी येणारी ती पीडा याच धांदलीचा आवाज आहे.

मेली नाही, पण परतली नाही

आता तुमच्या-माझ्या कामाचे बोलू.

हे सगळे उड्डाण माशीच्या छातीतल्या स्नायूंवर चालते आणि ते स्नायू फुलांच्या रसावर चालतात. सेकंदाला दोनशे तीस फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत पंख नेमक्या क्षणी पालटला पाहिजे. यात जरा ढिलाई आली की उचल कमी पडते. म्हणून औषधाचा परिणाम बघताना फक्त मेलेल्या माश्या मोजून भागत नाही. थायामेथोक्झाम हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी बाटलीवर किंवा बीजप्रक्रियेच्या पुडीवर वाचले असेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियात त्यावर एक प्रयोग झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. माशी मरणार नाही इतकेच औषध साखरेच्या पाण्यातून एक-दोन दिवस दिले आणि माशीला घाण्याच्या बैलासारखे एका फिरत्या दांड्याला बांधून उडवले. औषध प्यालेल्या माश्यांचे उडण्याचे अंतर निम्म्याहूनही खाली आले.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला तर आपल्याला दिसतो, आपण हळहळतो, पेटीवाला भांडायला येतो. पण दोन किलोमीटरवर गेलेली माशी अर्ध्या वाटेत बसली तर ते कोणाला दिसणार? पेटी फक्त हलकी होत जाते, आणि डाळिंबाची सेटिंग यंदा बरी का झाली नाही म्हणून आपण खतावर खत टाकत राहतो.

तेव्हा फुलोऱ्यात फवारणी शक्यतो टाळा. टाळता येणारच नसेल तर दिवस मावळताना, माश्या घरी परतल्यावर करा आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी निरोप द्या. शेजाऱ्यालाही सांगा, कारण माशीला सातबारा कळत नाही. आणखी एक. माशीचा वेग ताशी चोवीस-पंचवीस किलोमीटरच्या आसपास असतो. समोरून वारा तेवढाच झाला की तिचे सगळे पंख मारणे जागच्या जागी राहण्यात जाते. म्हणून पेट्या उघड्या माळावर ठेवू नका. झाडांच्या किंवा कुडाच्या आडोशाला, पिकाच्या जवळ ठेवा.

टाळी वाजवून उडणारी माशी

मधमाशीपुढे जी गोष्ट अवघड, ती तिच्याहून शंभरपट हलक्या जिवापुढे आणखी अवघड होते. कारण शरीर जितके लहान, तितकी हवा त्याला दाट वाटते. आपण पाण्यात हात मारतो तसा मोठा पक्षी हवेत पंख मारतो, असे धरले तर अर्ध्या मिलिमीटरचा कीटक काकवीत हात मारतो असे म्हणावे लागेल.

पांढऱ्या माशीच्या पिलांत अंडी घालणारी एन्कार्सिया नावाची एक परोपजीवी गांधीलमाशी आहे. गांधीलमाशी म्हटल्यावर घाबरू नका. ही अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी, माणसाला चावत नाही. युरोपात काचघरातल्या टोमॅटोवर ती १९२० च्या दशकापासून वापरात आहे. केंब्रिजमध्येच काम करणाऱ्या टॉर्केल वाइस-फोग या डॅनिश शास्त्रज्ञाने तिच्या उड्डाणाचे वेगवान चित्रण केले आणि १९७३ साली तिचे कसब जगापुढे ठेवले. ती सेकंदाला चारशेच्या आसपास पंख मारते, आणि दर वेळी दोन्ही पंख पाठीमागे टाळीसारखे जुळवते. मग ते उघडताना पुढच्या कडा आधी सोडते, मागच्या कडा जुळलेल्याच ठेवते.

तुम्ही दोन्ही तळहात जुळवा. करंगळीच्या बाजूची कड जुळलेली ठेवून अंगठ्याची बाजू पुस्तकासारखी उघडा. मधल्या फटीत हवा घुसते. तशीच ती दोन पंखांमध्ये घुसते आणि प्रत्येक पंखाभोवती फिरू लागते, एकावर या अंगाने, दुसऱ्यावर त्या अंगाने. वाग्नरने सांगितलेला तो खोडा घालणारा भोवरा मागे सोडावाच लागत नाही, कारण एका पंखाचा भोवरा दुसऱ्याच्या कामी येतो. मुकादमाच्या दारात उभे राहण्याऐवजी दोन सख्खे भाऊ एकमेकांची नड भागवतात, तसेच हे. उचल पहिल्या क्षणापासून पुरी मिळते. पारवे दचकून एकदम उडतात तेव्हा पंखांचा टाळ्यांसारखा फटफट आवाज येतो, तोही पंख वर एकमेकांवर आदळल्याचाच.

ही एन्कार्सिया परदेशातली म्हणून सोडून देऊ नका. २०१६ साली तमिळनाडूत पोल्लाची येथे नारळावर चक्राकार पांढरी माशी सापडली आणि पुढे ती कोकणपट्टीतल्या माडांवरही आली. तिच्यावर एन्कार्सियाचीच एक जात आपोआप वाढते. ज्या बागेत रासायनिक फवारे पडले नाहीत तिथे ती माशीला बऱ्यापैकी आवरते. झावळ्या काळ्या पडल्या म्हणून घाईने विषारी औषध मारले तर आधी हा टाळी वाजवणारा पाहुणा मरतो आणि पांढरी माशी मोकळी सुटते.

याहून लहान जिवांचे पंख तर पंखासारखे दिसतही नाहीत. उसाला आणि कपाशीला आपण ट्रायकोकार्ड लावतो, त्यातून निघणारी ट्रायकोग्रामा माशी, किंवा कांद्यावरचा फुलकिडा भिंगाखाली धरून पाहा. ट्रायकोग्रामाच्या पंखाला केसांची झालर असते. फुलकिड्याचा पंख म्हणजे मधे एक काडी आणि दोन्ही बाजूंना केस, जणू फणी. फणीने वारा कसा घालता येईल? आपल्या आकाराला येणार नाही. पण त्यांच्या काकवीसारख्या हवेत केसांच्या फटींतून हवा फारशी निसटत नाही, म्हणून फणी पंख्याचे काम करते. शिवाय जुळलेले पंख सोडवताना थोडी हवा फटीतून आत येते आणि जोर कमी लागतो. ओले काचेचे दोन तुकडे विलग करणे किती जड जाते ते तुम्हाला माहीत आहे. दोन फण्या मात्र सहज सुटतात.

पण या पंखांना मर्यादा आहे. ते जिवाला हवेत ठेवतात, वाऱ्याविरुद्ध नेत नाहीत. जरा झुळूक आली की वारा नेईल तिकडे जायचे. ही मर्यादा मित्राला आहे, तशीच शत्रूलाही आहे, आणि शेतकऱ्याने दोन्हीकडे तिचा फायदा घ्यायला हवा.

मित्राच्या बाजूने पाहू. एका ट्रायकोकार्डावर अठरा ते वीस हजार अंडी असतात, हे ऐकून काहीजण अख्खे कार्ड शेताच्या मधल्या उसाला टाचून मोकळे होतात. मी असे कार्ड पुष्कळ शेतांत पाहिले आहे. त्यातून निघालेल्या माश्या आठ-दहा मीटरपलीकडे फारशा जात नाहीत, त्यामुळे बाकीचे रान कोरडेच राहते. कार्डाच्या पट्ट्या कातरून सगळ्या शेतात सारख्या अंतराने पानांच्या खालच्या बाजूला टाचा. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर किंवा सायंकाळी लावा. आणि मुंग्या लागलेले पान टाळा, नाहीतर सगळी अंडी मुंग्यांच्या बिळात जातील.

शत्रूच्या बाजूने फुलकिडा घ्या. तो वाऱ्यावर येतो आणि वाटेत जो उंच आडोसा लागेल त्याला अडकतो. राजगुरूनगरच्या कांदा व लसूण संशोधन संस्थेची जुनी शिफारस आहे की कांद्याच्या भोवती मक्याच्या दोन ओळी, किंवा बाहेरून मक्याची एक आणि आतून गव्हाची एक ओळ लावावी. फणीचे पंख घेऊन आलेला फुलकिडा ही भिंत सहजी ओलांडत नाही. पण ही भिंत लागणीच्या दिवशी उभी असावी लागते. म्हणून मका निदान तीस दिवस आधी टोकायचा. रब्बी कांद्याची लागण डिसेंबरच्या मध्यावर धरली असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापूर्वीच बांधाच्या आतून चारी बाजूंनी मका टोकून घ्या. वाऱ्याच्या बाजूला तूट पडली असेल तर तिथे आठवड्याच्या आत नांगे भरा.